शंका-समाधान : विश्वासाला पुरावा मागता येतो का?

या वेळच्या टपालात भिवंडी आणि पडघा भागातली पत्रे बरीच आहेत. कारण पत्रांतूनच कळते. तिथला ख्रिस्ती माणूस संख्येने थोडा. लूमवर, गोदामात, कॉलेजात त्याचे सोबती मुसलमान, हिंदू, बौद्ध. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विषय काढतो आणि रविवारी देवळात कधी न पडलेला प्रश्न सोमवारी समोर उभा राहतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा खोडी नसते, कुतूहल असते. उत्तर देणारा मात्र एक तर चिडतो, नाही तर ‘विश्वास ठेवावा लागतो’ म्हणून विषय मिटवतो.

पत्रांकडे वळण्याआधी एक सूचना. प्रत्येक प्रश्नाला एकाच जातीचा पुरावा चालत नाही. येशू होऊन गेला का, याला कागदपत्रे लागतात. त्रैक्याची शिकवण आपलेच म्हणणे खोडते का, हे तर्काने तपासायचे. पोर गमावलेल्या आईचा ‘का?’ या दोन्हींत बसत नाही. आणि पदरी पुरावा असेल तेवढाच दावा करावा. त्याहून जास्त बोललात की तुमच्या खऱ्या उत्तरावरचाही समोरच्याचा भरवसा उडतो.

प्रश्न : सर, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रार्थनासभेत मी विचारलं, देव आहे हे कशावरून? तर एक काकू म्हणाल्या, असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो. श्रद्धा ठेवायची तर डोकं बाजूला ठेवायचं का?
— एक विद्यार्थिनी, कामतघर

समाधान : काकूंच्या बोलण्यात तुमची काळजी आहे, पण ते बायबलला धरून नाही. आपल्या आशेचे कारण कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या, असे पेत्र पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो. म्हणजे विचारणारा असणार, हे त्याने गृहीतच धरले आहे. थोमाने सोबत्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला नकार दिला, तरी त्याला मंडळीतून कुणी काढले नाही. प्रभूने त्याला जखमा दाखवल्या.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला वादविवाद नवा नाही. 1831 साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला आणि दोघांनीही पुढे आपली बाजू छापून काढली. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना प्रश्न विचारत आणि ऐकायला माणसे जमत.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे उदाहरण तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने 1844-45 च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. खंडन करायचे म्हणून वाचन केले आणि वाचता वाचता स्वतःच डळमळले. 1848 मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढेही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, तरी ते शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले आणि लिहीत राहिले. शंका आणि श्रद्धा एकाच माणसात आयुष्यभर नांदू शकतात, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आता तुमचा मूळ प्रश्न. काहीच नसण्याऐवजी हे विश्व का आहे, ते नियमाने का चालते, कुणी पाहत नसतानाही अन्याय आपल्याला अन्यायच का वाटतो, या वाटांनी विचारवंत देवाच्या अस्तित्वाकडे गेले आहेत. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने असे पाच युक्तिवाद मांडले. त्यांवर आक्षेपही तितकेच जुने आहेत. माझ्या मते हे युक्तिवाद देव मानणे अडाणीपणाचे नाही इतके दाखवतात. तो देव येशूमध्ये प्रकट झाला, हे त्यांतून निघत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच जावे लागते.

प्रश्न : शाळेतले माझे एक सहकारी म्हणतात की येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळी दंतकथा आहे. बायबल सोडून दुसरा पुरावा मागतात. काय सांगू?
— शिक्षक, अंजूरफाटा

समाधान : मागणी रास्त आहे. तीन नावे सांगा.

टॅसिटस हा रोमन इतिहासकार इसवी सन 116 च्या सुमारास लिहीत होता. रोम जळाल्यावर सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घातला, हे सांगताना ज्याच्यावरून त्यांना हे नाव पडले त्या ख्रिस्ताला तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने मृत्युदंड दिला, असे तो नोंदवतो. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकाराच होता, तेव्हा त्यांची बाजू घेण्याचे त्याला कारण नव्हते. दुसरा योसेफस, यहुदी इतिहासकार. इसवी सन 93-94 च्या सुमारास पुरा झालेल्या त्याच्या ग्रंथात, ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या येशूचा भाऊ याकोब याला ठार मारल्याचा उल्लेख आहे. तिसरा धाकटा प्लिनी. आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा हा सुभेदार 112 च्या सुमारास सम्राट त्राजानला विचारतो, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रे गाणाऱ्या या लोकांचे काय करावे?

सावध राहण्याची एक जागाही सांगतो. योसेफसच्याच ग्रंथात येशूविषयी आणखी एक मोठा उतारा आहे आणि आपले प्रचारक तो मोठ्या हौसेने वाचून दाखवतात. त्यात पुढच्या काळातल्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. तो पुढे करू नका. याकोबाचा उल्लेख पुरेसा आहे.

1961 मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावरील कैसरियात पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. त्याने येशू सिद्ध होत नाही, पण शुभवर्तमानांतला सुभेदार कल्पित नव्हता हे पक्के होते. बार्ट अर्मन हे अमेरिकी अभ्यासक स्वतः ख्रिस्ती विश्वास सोडलेले आहेत. येशू ऐतिहासिक व्यक्ती होता, हे दाखवण्यासाठी त्यांनी 2012 मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. तो कोण होता, यावर वाद आहे आणि राहील. तो होता, यावर इतिहासाच्या अभ्यासकांत फारसा वाद नाही.

प्रश्न : मी सायझिंगमध्ये कामाला आहे. आमच्यातले एक भाई चांगले वाचलेले आहेत. ते म्हणतात, इंजील खरी होती, पण तुमच्या लोकांनी ती बदलली. म्हणून तर रोज नवं भाषांतर निघतं. मला उत्तर देता आलं नाही.
— एक कामगार, शांतीनगर

समाधान : भाईंच्या म्हणण्यात दोन प्रश्न एकत्र झाले आहेत. भाषांतर बदलणे वेगळे आणि मूळ पाठ बदलणे वेगळे.

भाषांतरे बदलतात कारण भाषा बदलते. विल्यम कॅरी यांनी 1811 मध्ये सेरामपूरहून काढलेला मराठी नवा करार मोडी लिपीत होता. आज तो तुम्ही वाचू शकणार नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावे म्हणून इब्री आणि ग्रीक शिकून स्वतंत्र भाषांतर केले आणि 1922 मध्ये मृत्यूच्या आधी ते पुरे केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तिघांची मराठी वेगळी आहे. तिघांनाही जायचे होते ते मुळाकडेच.

आता मूळ पाठ. पहिल्या प्रती आज नाहीत, पण त्यांच्या प्रतींच्या प्रती मुबलक आहेत. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितेच पाच हजारांहून अधिक नोंदलेली आहेत. त्यांतली कित्येक तुकड्यांच्या रूपात आहेत आणि बरीचशी मध्ययुगातली आहेत, हेही सांगून टाका. योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहातात मावेल एवढा एक तुकडा मँचेस्टरला आहे. तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानतात. जवळजवळ पूर्ण बायबलची ग्रीक हस्तलिखिते चौथ्या शतकातली आहेत, म्हणजे इस्लामच्या उदयाआधी अडीचशे वर्षांहून जुनी. आज आपण वाचतो तेच शुभवर्तमान त्या प्रतींत आहे. जुन्या कराराचे बोलायचे तर 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहांत यशयाच्या ग्रंथाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या पूर्ण इब्री प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी होती. मधल्या काळात शब्दांचे आणि लेखनाचे फरक पडलेले दिसले, पण ग्रंथ तोच निघाला.

मग बदल झालेच नाहीत का? झाले. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा योहानाच्या जुन्या प्रतींत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारे एक वाक्य नंतर शिरले. हे कुणा विरोधकाने उघडकीला आणले असे नाही. ख्रिस्ती विद्वानांनीच प्रती ताडून दाखवले आणि आजच्या बायबलांत तशा टिपा दिलेल्या असतात.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या पाठात अशुद्धे शिरलेली पाहून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यामुळे ज्ञानेश्वरी खोटी ठरली नाही, उलट तिच्यावरचा भरवसा वाढला. भाईंना एवढेच विचारा, की कुठला भाग, कुणी, कधी बदलला? उत्तर घेऊन ते आले तर दोघे बसून प्रती पाहा. वादापेक्षा ते बरे.

प्रश्न : मी नर्स आहे. माणूस मरतो म्हणजे काय होतं हे रोज बघते. तिसऱ्या दिवशी कुणी उठलं हे मी प्रार्थनेत म्हणते, पण मनातून मानायला जड जातं. हे पाप आहे का?
— भिवंडी

समाधान : पाप नाही. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात स्वतःच सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला सगळा विश्वास फुकट आहे. ज्या दाव्यावर सगळे उभे आहे, तो तुम्हाला जड वाटतो, म्हणजे तुम्ही तो गांभीर्याने घेतला आहे. आणि मेलेली माणसे उठत नाहीत, हे पहिल्या शतकातल्या माणसालाही तुमच्याइतकेच ठाऊक होते.

इतिहासाच्या हाती काय लागते? पौलाचे हे पत्र येशूच्या मृत्यूनंतर सुमारे वीस-पंचवीस वर्षांतले. त्यात तो येशूच्या मृत्यूची, पुरण्याची, उठण्याची आणि दर्शनांची यादी देतो आणि ती आपल्यालाही दुसऱ्यांकडून मिळाली असे सांगतो, म्हणजे ती आणखी जुनी. यादीतल्या पाचशेंहून अधिक माणसांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही म्हणतो. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेकडे पहिल्यांदा जातात त्या बायका. त्या समाजात बाईची साक्ष कमी लेखत, हे योसेफसच्या लिखाणातून दिसते. कथा रचायची असती तर साक्षीदार असे निवडले नसते. येशूचा भाऊ याकोब आधी विश्वास ठेवत नव्हता, तोच पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. मंडळीचा छळ करणारा पौल तिचा प्रेषित झाला. या सगळ्यांमागे काहीतरी घडले, हे नास्तिक अभ्यासकही मानतात. काय घडले, यावर मतभेद आहेत.

आक्षेपही ऐकून घ्या. कबरेकडे किती बायका गेल्या, दर्शन गालीलात झाले की यरुशलेमात, याबाबत शुभवर्तमानांचे तपशील जुळत नाहीत. दुःखाने व्याकूळ माणसांना भास होतात. आणि शिष्य मरायला तयार झाले यावरून फक्त ते प्रामाणिक होते एवढेच ठरते, कारण चुकीच्या गोष्टीसाठीही माणसे प्राण देतात. हे मुद्दे हलके नाहीत. पण भासाने याकोब आणि पौल यांचा उलगडा होणे कठीण आहे आणि तपशिलांतल्या विसंगती पढवलेल्या साक्षीत सापडत नाहीत.

शेवटी निर्णय एका आधीच्या प्रश्नावर येऊन थांबतो. देव असेलच, तर तो सृष्टीत काही नवे करू शकतो की नाही? ‘कदापि नाही’ असे ज्याने आधीच ठरवले आहे, त्याला कुठलाही पुरावा पुरणार नाही. दार उघडे ठेवणाऱ्याला वरचे पुरावे वजनदार वाटतील. वैद्यकशास्त्र निसर्गक्रमाने काय घडते ते सांगते. ही घटना त्या क्रमाने घडली, असे ख्रिस्ती मंडळी कधीच म्हणालेली नाही.

प्रश्न : सप्टेंबर 2020 मध्ये पटेल कंपाऊंडमधली इमारत पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लहान लेकरं गेली. त्यांनी काय पाप केलं होतं? तुमचा देव दयाळू आहे ना?
— रिक्षाचालक, भिवंडी

समाधान : तुम्ही विचारलेला प्रश्न जवळजवळ याच शब्दांत बायबलमध्ये आहे. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. लूकच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतःच तो विषय काढतो. मेलेले बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते का, असे विचारतो आणि ‘नाही’ म्हणून उत्तरही देतो. मरणाऱ्याच्या पापाचा हिशेब मांडायचा नाही, जिवंत आहेत त्यांनी स्वतःकडे पाहायचे, असा त्याचा रोख आहे. ईयोबाच्या ग्रंथातही, तुझ्याच पापाचे फळ असेल, असे सांगणाऱ्या मित्रांना देव शेवटी खोटे ठरवतो. तेव्हा भिवंडीत त्या पहाटे गेलेल्या पस्तीसहून अधिक माणसांविषयी कुणी ख्रिस्ती माणूस ‘देवाची शिक्षा’ म्हणत असेल, तर तो ख्रिस्ताच्या विरुद्ध बोलतो आहे.

इमारत पडते तेव्हा बांधकाम, देखभाल, तपासणी या प्रत्येक पायरीवर माणसे असतात. माणसाला खरे स्वातंत्र्य दिले, तर ते चुकीचे वापरण्याची मुभाही आली. प्रत्येक चुकीचा परिणाम देव हवेतच थांबवू लागला, तर ते स्वातंत्र्य नावालाच उरेल. हा युक्तिवाद जुना आहे. ॲल्विन प्लँटिंगा या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1974 मध्ये तो अशा काटेकोरपणे मांडला, की दयाळू देव आणि दुष्टपणा एकत्र असणे तर्काने अशक्यच आहे, असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

पण तो सगळीकडे पुरत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो कुणाच्या लोभामुळे झाला नव्हता. भूगर्भाच्या हालचालींशिवाय जीवसृष्टीला लायक पृथ्वी घडली नसती, असे काही जण सांगतात. ते खरे असले तरी ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बापाला त्याचा काय उपयोग? इथे ख्रिस्ती धर्म पूर्ण स्पष्टीकरण देत नाही. तो क्रुसाकडे बोट दाखवतो. आमचा देव दुःखाच्या बाहेर बसून पाहत राहिलेला नाही, तो त्यात उतरला, एवढेच तो सांगतो. ही गोष्ट तर्काने सिद्ध होणारी नाही. पण दुःखात माणूस नेमके काय शोधतो, ते तुम्ही रिक्षात बसलेल्या शंभर जणांकडून माझ्यापेक्षा जास्त ऐकले असेल.

प्रश्न : मी मुसलमान आहे. आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत, घरोब्याचे. देव एक आहे म्हणतात आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी तीन नावं घेतात. भांडायचं नाही, समजून घ्यायचं आहे.
— निजामपुरा

समाधान : तुमच्या पत्रातला सूर आवडला. आधी आम्ही काय म्हणत नाही ते सांगतो. आम्ही तीन देव मानत नाही. मरियेला त्रैक्यात मोजत नाही. देवाने बायको केली आणि त्याला मूल झाले, असा ‘पुत्र’ या शब्दाचा अर्थ आमच्याकडे कुणीही घेत नाही. प्रभू एकच आहे, ही यहुद्यांची मूळ साक्ष येशूने सर्वांत मोठ्या आज्ञेच्या आरंभीच म्हटली आहे, असे मार्क सांगतो.

मग तीन कशाला? पहिले शिष्य कट्टर एकेश्वरवादी यहुदी होते. त्यांनी येशूला प्रार्थना केली आणि पवित्र आत्म्यात देवाचेच सान्निध्य अनुभवले. एकच देव हे तर सोडायचे नव्हते. या अनुभवाची मांडणी करताना शतके गेली. 325 मध्ये नायसिया आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथल्या धर्मपरिषदांत ती ठरली : तत्त्व एक, व्यक्ती तीन. तत्त्वही एक आणि तत्त्वही तीन असे म्हटले असते, तर ते आपलेच म्हणणे खोडणारे ठरले असते. तसे म्हटलेले नाही. पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला आमचे बरेच धर्मशिक्षक देतात, पण तो चुकीचा आहे. त्यात एकच वस्तू आळीपाळीने रूप बदलते आणि हे मत मंडळीने फार पूर्वीच नाकारले.

त्रैक्य केवळ बुद्धीने शोधून काढता येत नाही, असे अक्विनासनेही लिहून ठेवले आहे. बुद्धी इतकेच दाखवू शकते की ते अशक्य नाही. हे ख्रिस्ती माणसालाही सोपे नव्हते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यानंतर त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवरून त्या आपल्या इंग्रज मार्गदर्शक स्त्रियांशी पत्रांतून कडाडून भांडल्या. ती पत्रे अ. भि. शहांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये छापली. शेजाऱ्यांना ती वाचायला सांगा. तुमचे प्रश्न त्यांच्याच घरातल्या एका मोठ्या बाईने विचारले होते, हे त्यांना कळेल.

येशूला सुळावर दिले गेले नाही, अशी मुस्लिम श्रद्धा आहे. दिले गेले, अशी आमची. हा फरक खरा आहे आणि तो गोड बोलून बुजवता येणार नाही. घरोबा त्यामुळे तुटायचेही कारण नाही.

प्रश्न : तुमचा धर्म गोऱ्यांचा. धान्य, शाळा, दवाखाना दाखवून माणसं ओढली. मग त्यात तर्क कसला?
— निवृत्त कर्मचारी, पडघा

समाधान : पहिला भाग भूगोलाने सुटतो. कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने सहाव्या शतकात ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. अनेक इतिहासकारांच्या मते हे ठिकाण म्हणजे भिवंडीच्या खाडीपलीकडचे आपले कल्याण. वास्को द गामा यायला तेव्हा साडेनऊशे वर्षे बाकी होती. येशू स्वतः आशिया खंडातलाच. फादर स्टीफन्स मात्र इंग्रज होते हे खरे, पण त्यांनी 1616 मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे.

दुसरा भाग झटकून टाकता येत नाही. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनेकांनी धर्म बदलला. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, धर्मचौकशीचे न्यायालय होते. त्यातल्या जुलमाचे समर्थन मी करणार नाही. मार्च 2000 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली चर्चच्या माणसांनी केलेल्या हिंसेबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली, ती योग्यच होती.

उलट बाजूही बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि त्याची किंमत घर तुटण्यात मोजावी लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती सगळी कथा ‘स्मृतिचित्रे’त लिहिली आहे. आजही अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याचा अनुसूचित जातींसाठीच्या सवलतींवरचा हक्क जातो. कायदाही स्पष्ट आहे. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. आमिष दाखवून आणलेला माणूस आम्हालाही नको.

तर्काचा मुद्दा राहिला. एखादी गोष्ट माणसाने कशामुळे मानली, यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. शाळेच्या खिचडीसाठी येणारे पोरही गणित खरेच शिकते.

प्रश्न : आमच्या सासूबाई एका प्रार्थनासभेला जातात. तिथे सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या बंद करा. त्यांनी साखरेची गोळी बंद केली आहे. काय करू?
— एक सून, भिवंडी

समाधान : गोळी आजच सुरू करा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या. बाकी चर्चा नंतर.

औषध घेणे म्हणजे अविश्वास, हे बायबल कुठेही शिकवत नाही. पौल आपल्या सोबती लूकला प्रिय वैद्य म्हणतो आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपायही सुचवतो. महाराष्ट्रात मिरज आणि वडाळा इथली रुग्णालये ख्रिस्ती मिशनांनीच उभारली. औषध घेतल्याने देव रागावतो असे वाटले असते, तर ती उभी राहिली नसती. प्रार्थना करा, जरूर करा. पण उपचार थांबवायला लावणारा माणूस कितीही वचने म्हणत असला तरी जिवाशी खेळतो आहे. दैवी शक्तीच्या नावाने लोकांना फसवणाऱ्यांविरुद्ध राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे त्या सभेच्या प्रमुखांच्या कानावर घाला.

या पत्रांवरून एक निष्कर्ष काढायचा तर असा : ख्रिस्ती श्रद्धा भूमितीच्या प्रमेयासारखी सिद्ध होत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विसंबू नये. पण तिचा मुख्य दावा एका काळी, एका गावी, एका सुभेदाराच्या अमलाखाली घडलेल्या घटनेचा आहे, म्हणून तो तपासता येतो. तपासून ‘पटले नाही’ म्हणणाऱ्याचा मला राग येत नाही. न तपासता मान डोलावणाऱ्याची मात्र काळजी वाटते.

विज्ञान आणि उत्पत्तीचा ग्रंथ, तसेच तारणाचा मार्ग एकच का, या विषयांवरची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. नवे पत्र पाठवताना एका पत्रात एकच प्रश्न लिहा, तो तुमचा की दुसऱ्या कुणी विचारलेला तेही कळवा. नाव छापू नये असे वाटत असेल तर तसे लिहा, म्हणजे फक्त गाव छापले जाईल.